आई-अण्णांसोबत बँकॉक: दीड दिवसाचा थांबा

आजच्या भागात कोडिंग नाही, नोटीस पिरियड नाही, पॅकेजच्या गप्पा नाहीत. आज फिरायला जायचंय. आज बँकॉक.

आता 'बँकॉक' म्हटल्यावर तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या चेहऱ्यावर काय आलं असेल, ते मला माइकच्या या बाजूनेही दिसतंय. आपल्या नगर जिल्ह्यात या शहराचं नाव कुणी सरळ तोंडाने घेतच नाही. "बँकॉकला चाललाय व्हय?" आणि लगेच एक डोळा बारीक. पतसंस्थेच्या संचालकांची सहल असो, नाहीतर खत-बियाण्यांच्या दुकानदारांना टार्गेट पूर्ण केल्याबद्दल मिळालेली ट्रिप असो, परत आल्यावर सगळे नुसते हसतात, सांगत कुणीच काही नाही. आजूबाजूचा भाग धरला तर एक कोटीच्या वर माणसं राहतात तिथे. आणि आपण त्यांचा निकाल एका डोळ्यात लावून टाकलाय.

मी तिथे आई आणि अण्णांना घेऊन गेलो. म्हणून हा भाग.

थोडी पार्श्वभूमी देतो. आमचं गाव नेवासा तालुक्यात. अण्णा एसटीत कंडक्टर होते, नगरच्या तारकपूर डेपोत बरीच वर्षं काढली, आता घरचा दोन एकर ऊस बघतात. आई माळकरी. ताई मेलबर्नला असते, तिला बाळ झालं. म्हणजे आईला जायचंच होतं, तो प्रश्नच नव्हता. प्रश्न आईच्या गुडघ्यांचा होता. मुंबईहून थेट गेलं तरी बारा-तेरा तास एका खुर्चीत बसायचं. डॉक्टर म्हणाले, "मधे थांबून नेता येत असेल तर बघा." मग मी नकाशा उघडला. मुंबई ते बँकॉक साधारण साडेचार तास, बँकॉक ते मेलबर्न साधारण नऊ. मधे दीड दिवस पाय मोकळे.

अण्णांना सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न: "दुसरं गाव नव्हतं का मधी?"

तिकिटाचं पटकन सांगतो, कारण यावर मेसेज येणारच. आंतरराष्ट्रीय प्रवासात मधल्या शहरात चोवीस तासांपेक्षा जास्त थांबलात तर त्याला स्टॉपओव्हर म्हणतात, कमी असेल तर लेओव्हर. तिकीट शोधताना 'मल्टी सिटी' हा पर्याय घ्या आणि दोन्ही विमानं एकाच तिकिटावर येतील असं बघा. दोन वेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान लेट झालं, तर दुसऱ्याची जबाबदारी कुणाचीच नसते. एवढ्या मोठ्या थांब्यात बॅगाही बहुतेक वेळा आपल्या हातात येतात, तेव्हा त्या धरूनच हॉटेल निवडा. आम्ही गेलो तेव्हा भारतीय पासपोर्टवर फिरायला येणाऱ्यांना आधी व्हिसा काढावा लागत नव्हता. हे नियम बदलत असतात, त्यामुळे तिकीट काढायच्या आधी थाई दूतावासाच्या साइटवर स्वतः वाचा, मामेभावाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर नको. आणि मे २०२५ पासून त्यांचं डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती त्यांची नाही. झालं, संपलं तांत्रिक.

आता मुद्द्याचं. मी एकच नियम केला होता: सकाळी एक गोष्ट, संध्याकाळी एक गोष्ट, दुपारी झोप. ऑफिसात मी स्प्रिंट प्लॅनिंग करतो, तेव्हा यादी कशी फुगते ते मला पक्कं माहीत आहे. बँकॉकच्या यूट्यूब व्हिडिओंमध्ये एका दिवसात अकरा ठिकाणं दाखवतात. त्या माणसांना बहुतेक गुडघेच नसतात. राजवाडा गाळला, मॉल गाळले, तो मोठा वीकएंडचा बाजार गाळला. "राजवाडा न बघता आलास?" असं दोघा-तिघांनी विचारलं. हो. तिथे उन्हात, गर्दीत रांगेत उभं राहायचं, आणि माझ्याबरोबर जी माणसं होती ती हातात चेकलिस्ट घेऊन निघालेली नव्हती.

पहाटे उतरलो. विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. अण्णांनी पाटीवरची इंग्रजी अक्षरं एकेक जुळवत वाचली आणि थांबले. "सुवर्णभूमी? हे तर आपलंच की." तिथून पुढे दीड दिवस त्यांचा हाच उद्योग. गंमत अशी की थाई माणूस त्याचा उच्चार 'सुवन्नफूम' असा करतो. लिहायचं संस्कृत वळणाने आणि बोलायचं आपल्या जिभेने. त्यामुळे कानाने ऐकलं तर काही कळत नाही, पण नीट बघितलं की शब्द ओळखीचा निघतो. लग्नात दूरचा चुलता भेटतो तसं.

टॅक्सीत मी फोनवर शोधत होतो आणि अण्णांना सांगत होतो. नमस्काराला 'सवातदी', म्हणजे आपलं 'स्वस्ति'. शिक्षक म्हणजे 'ख्रू', गुरू. बँक म्हणजे 'थनाखान', धनागार. गाडी म्हणजे 'रोत', रथ. फोनला 'थोरासाप' म्हणतात, म्हणजे दूरशब्द. मी कॉम्प्युटरचा माणूस, रोज दहा तास स्क्रीनसमोर बसतो, पण टेलिफोनला 'दूरशब्द' म्हणावं हे काही मला सुचलं नसतं.

आणि सगळ्यात भारी म्हणजे 'नाखोन'. नाखोन म्हणजे नगर! बँकॉकला थाई लोक बँकॉक म्हणतच नाहीत. ते म्हणतात 'क्रुंगथेप', देवांची नगरी. कागदोपत्री 'क्रुंगथेप महानाखोन', म्हणजे महानगर. हीसुद्धा फक्त सुरुवात आहे. शहराचं पूर्ण औपचारिक नाव जगातल्या सगळ्यात लांब नावांपैकी आहे आणि बहुतेक पाली-संस्कृत आहे. त्यात अमर आहे, रत्न आहे, महेंद्र आहे, अयोध्या आहे, नवरत्न राजधानी आहे, आणि शेवटी असं म्हटलंय की इंद्राने दिली आणि विश्वकर्म्याने बांधली ती ही नगरी. 'बँकॉक' हे नदीकाठच्या जुन्या वस्तीचं नाव, परदेशी व्यापाऱ्यांच्या तोंडी बसलं ते बसलं. 'बांग' म्हणजे पाण्याकाठचं गाव, आणि 'कोक' कुठून आलं यावर वाद आहेत. एक मत असं की 'माकोक' या फळावरून, आपल्या अंबाड्याच्या जातीचं आंबट फळ.

२०२२ मध्ये त्यांच्या मंत्रिमंडळाने ठरवलं की इंग्रजीतही अधिकृत नाव क्रुंगथेप महानाखोन लिहायचं आणि बँकॉक कंसात ठेवायचं. हे आपल्याला वेगळं समजावून सांगायची गरज नाही. आपलं अहमदनगर कागदावर अहिल्यानगर झालं, स्टँडवर मात्र आजही आरोळी काय ऐकू येते? "नगर, नगर, नगर!" अण्णांनी ती आरोळी आयुष्यभर दिली. ते म्हणाले, "म्हंजे हितंबी कंडक्टर नाखोन-नाखोन वरडत असतील."

हॉटेल नदीकाठी घेतलं होतं, सफान ताकसिन स्टेशनजवळ. कारण सोपं: स्कायट्रेनचं स्टेशन आणि बोटीचा धक्का अगदी शेजारी-शेजारी. आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी ही एक गोष्ट लिहून ठेवा. हॉटेल पाचशे रुपयांनी महाग पडलं तरी चालेल, पण चालणं कमी पाहिजे. दिवसभर झोपलो. खरंच झोपलो. परदेशातला पहिला दिवस आणि आम्ही तिघं पडदे ओढून गपगार.

चार वाजता बोट. चाओ फ्राया नदीत प्रवासी बोटी चालतात, आपल्या एसटीसारख्याच. नारिंगी झेंड्याच्या बोटीला एकच दर, कुठेही उतरा. आम्ही गेलो तेव्हा सोळा बाट होता. बाट म्हणजे साधारण पावणेतीन रुपये धरा. पर्यटकांची निळ्या झेंड्याची बोट वेगळी आणि महाग असते. धक्क्यावरचा माणूस आपला चेहरा बघून तिकडेच बोट दाखवतो. तुम्ही शांतपणे नारिंगीसाठी उभे राहा.

बोटीत बसलो आणि मागून आवाज आला. टक टक, टक टक. अण्णांची मान एकदम वळली. एक बाई हातात लांबट पत्र्याची नळी घेऊन गर्दीतून चालली होती. नळीत तिकिटांची गुंडाळी आणि चिल्लर, आणि झाकण वाजवून ती सगळ्यांना सांगत होती, तिकीट घ्या. अण्णांच्या काळात एसटीत कंडक्टर तिकिटाचा पंच असाच वाजवायचे. ते तिच्याकडे इतकं टक लावून बघत होते की मला जरा अवघडल्यासारखं झालं. मग त्यांनी हाताने पंच मारायची खूण केली आणि छातीवर बोट ठेवलं: मीपण. बाई दोन सेकंद बघत राहिली, आणि मग अशी हसली म्हणता! तिने नळी त्यांच्या हातात दिली. अण्णांनी ती दोनदा वाजवली, झाकण उघडून आतली रचना बघितली, परत दिली. मला म्हणाले, "चिल्लरचा कप्पा येगळा हाय. हे बरं केलंय."

पुढे नोंथाबुरीपर्यंत, म्हणजे शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो आणि तसेच परत आलो. कुठेही उतरलो नाही. भिक्खूंसाठी बोटीत वेगळी जागा असते, तिथे आपण बसायचं नाही, आणि बायकांचा त्यांना स्पर्श होऊ नये असा तिथला रिवाज आहे. आईला हे कुणी सांगावं लागलं नाही. भगवी वस्त्रं दिसताच ती सरकून बसली. परतताना अंधार पडला होता आणि डाव्या-उजव्या दोन्ही काठांवर दिवे लागले होते. पश्चिम काठावर वाट अरुण दिसतं. अरुण म्हणजे आपलाच अरुण, पहाट. त्याच्या उंच मनोऱ्यावर चिनी मातीच्या रंगीत तुकड्यांची नक्षी आहे. लांबून बघाल तर वाटतं दगडात कोरलंय, जवळून बघाल तर फुटक्या कपबशा. आईला हे फार आवडलं. "फुटकं बी वाया नाय घालवलं."

इथे जरा इतिहास सांगतो, आपल्या जिल्ह्याचा धागा आहे म्हणून. यांची जुनी राजधानी अयुथया, म्हणजे अयोध्याच. १७६७ मध्ये बर्मी सैन्याने ती उद्ध्वस्त केली. त्यानंतर आधी नदीच्या पश्चिमेला, थोनबुरीला कारभार चालला, आणि १७८२ मध्ये पहिल्या राम राजाने पूर्व काठावर हे नवं शहर वसवलं. आता १७६७ हे साल ओळखीचं वाटतंय का? आपल्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या अहिल्याबाई होळकरांनी राज्यकारभार हाती घेतला, ते हेच साल. इकडे महेश्वरहून त्या देशभर घाट आणि मंदिरं बांधत होत्या, तेव्हा तिकडे हे लोक अयोध्येच्या नावाची राखेत गेलेली राजधानी दुसऱ्या जागी उभी करत होते. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण बोटीत बसून हे लक्षात आल्यावर मला मजा वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला फुलबाजार. पाक खलोंग तलात. हा चोवीस तास चालतो, पण पहाटे-सकाळी ऊन नसतं. गेल्या गेल्या आई थांबलीच, कारण समोर झेंडूचे ढीग. पिशव्याच्या पिशव्या. आपल्याकडे दसऱ्याला मार्केट यार्डात असतो तेवढा झेंडू, इथे रोज. शेजारी मोगरा, त्याचे बारीक ओवलेले गजरे, आणि कमळाच्या कळ्यांच्या जुड्या. एक बाई बसल्या बसल्या कमळाच्या कळीची एकेक पाकळी आत दुमडत होती. हिरवट कळी बघता बघता गुलाबी फूल होत होती. आई तिच्यासमोर उभी. दोघींना एकमेकींचा एक शब्द येत नाही. बाईने एक कळी आईच्या हातात दिली आणि स्वतःची सावकाश दुमडून दाखवली. आईची पहिली पाकळी फाटली. दुसरी जमली. मग बाईने प्लॅस्टिकचं स्टूल पुढे सरकवलं आणि आई बसली. वीस मिनिटं! अण्णा आणि मी शेजारी चहा शोधत फिरत होतो, आणि आई बँकॉकच्या फुलबाजारात स्टुलावर बसून कमळं दुमडत होती. निघताना आईने दुमडलेली चार कमळं बाईने तिलाच दिली, पैसे फक्त दोनाचे घेतले.

तिथून थोड्या अंतरावर फाहुरात. हे बँकॉकचं कापडबाजाराचं हिंदुस्थानी पेठ म्हणावं असं ठिकाण, शीख व्यापाऱ्यांनी वसवलेलं. नावाची गोष्ट ऐका. राजा चुलालोंगकोर्न यांची एक लहान मुलगी वारली, आठ-नऊ वर्षांची. तिच्या आठवणीत रस्ता बांधला, त्याला तिचं नाव दिलं. फाहुरात म्हणजे दंडातला दागिना. बाहू, बाजूबंद. सोन्याच्या घुमटाचा मोठा गुरुद्वारा आहे तिथे, आणि सकाळी लंगर. आईला प्रवासात जेवणाचीच काळजी होती, कारण तिला अंडंही चालत नाही. लंगरमध्ये डाळ, भाजी, रोटी, चहा. आईने दोन घास खाल्ले आणि तिचा चेहराच बदलला.

शाकाहारी लोकांसाठी दोन शब्द. एक 'जे': पिवळ्या पाटीवर लाल अक्षर दिसलं की तिथे मांस, अंडी, दूध काहीच नाही, कांदा-लसूणही नाही. दुसरा शब्द 'मांगसविरात'. जरा हळू म्हणून बघा. मांस-विरति! हे ऐकून आई म्हणाली, "मंग शुद्ध मराठीतच बोल की त्यांच्याशी." पण सावध राहा, हा शब्द म्हटला तरी माशाचा सॉस पडू शकतो. त्यांच्या स्वयंपाकात तो आपल्या मिठासारखा असतो, तेव्हा तो नको हे वेगळं सांगा.

मग मेट्रोने एक स्टेशन, सनाम चाय. वर आलं की चालत वाट फो. वाटेत कुणी रिक्षावाला येऊन "आज देऊळ बंद आहे, चला तुम्हाला दुसरीकडे नेतो" म्हणाला, तर हसून पुढे जा. फार जुनी युक्ती आहे. देऊळ उघडंच असतं.

वाट फोमधला निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे. आकडा ऐकून काही होत नाही. आपण दारातून आत जातो, डोकं दिसतं, मग चालत राहतो, चालत राहतो, आणि शेवटी पाय येतात. तळव्यांवर शिंपल्यांच्या कामात १०८ शुभचिन्हं आहेत. मागच्या बाजूला भिंतीला लागून १०८ पितळी भांडी मांडलेली असतात. सुट्ट्या नाण्यांची वाटी घ्यायची आणि एकेक नाणं टाकत जायचं. सगळा गाभारा नुसता टिण टिण वाजत असतो. आईने जपमाळ ओढावी तसं हळूहळू, एकही भांडं न चुकवता पूर्ण केलं. अण्णांना दारात टोपी काढायची खूण झाली. आपल्याकडे देवापुढे डोकं झाकायचं, इथे उघडं ठेवायचं. त्यांनी टोपी घडी करून खिशात घातली आणि बाहेर येईपर्यंत मोकळ्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

आवारात संगमरवरावर रामकथेचे १५२ पट्ट कोरलेले आहेत. यांचं रामायण म्हणजे रामाकियेन. त्यातला मारुती आपल्यापेक्षा बराच वेगळा. तो ब्रह्मचारी नाही, आणि रावणाची मत्स्यकन्या सुवर्णमच्छा हिच्याशी त्याचं जुळतं. हे मी आईला सांगितलं नाही. अण्णांना हळूच सांगितलं. ते म्हणाले, "गावात बोलू नको."

आणि आता या भागातली मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. आईच्या पायांना तोवर सूज आली होती. वाट फोच्या आवारातच मसाजची जागा आहे. मी म्हणालो, "आई, पाय दाबून घे." अण्णांचा चेहरा कडक. "काय नको." मसाज या शब्दाचं आपल्याकडे काय झालंय, ते तुम्हाला माहीत आहे.

मग मी त्यांना भिंतीजवळ नेलं. तिथे संगमरवरी पाट्यांवर माणसाच्या शरीराच्या आकृत्या आणि त्यावरच्या रेषा कोरलेल्या आहेत, कुठे दाबलं की कुठलं दुखणं कमी होतं ते. तिसऱ्या राम राजाच्या काळात, १८३० च्या दशकात, त्याने वैद्यक, काव्य, औषधं असं सगळं दगडावर कोरून लोकांसाठी उघडं ठेवलं. वाट फोचे हे शिलालेख युनेस्कोच्या 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' यादीत आहेत. शेजारी छोट्या कृत्रिम डोंगरावर ऋषींच्या मूर्ती आहेत, अंग ताणून वेगवेगळ्या आसनांत बसलेल्या. थाईत ऋषी म्हणजे 'रूसी'. आणि मसाज शिकणारे लोक ज्याला आद्यगुरू मानतात, तो जीवक, बुद्धाचा वैद्य, मगधातला. म्हणजे बिहारचा. २०१९ मध्ये थाई मसाजला युनेस्कोच्या वारसा यादीतही जागा मिळाली. अण्णांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "बरं. मी हितंच बसतो."

आईचे पाय ज्या बाईंनी घेतले, त्या पन्नाशीच्या पुढच्या असाव्यात. पंख्याखाली रांगेने गाद्या, आजूबाजूला दहा-बारा माणसं, सगळं उघड्यावर. त्यांनी आधी हात जोडले, मग सुरुवात केली. दहा मिनिटांत आईचे डोळे मिटले. अण्णा समोरच्या बाकावर पहाऱ्याला बसल्यासारखे. मग मी फोनवर ट्रान्सलेट अ‍ॅप उघडलं आणि विचारलं, तुमचं गाव कोणतं? बाई म्हणाल्या, खोन केन. ईसानमधलं.

अण्णांनी 'ईसान' तेवढं पकडलं. "ईशान? ईशान्य कोपरा?" मी नकाशा बघितला. थायलंडचा ईशान्य भाग, आणि नाव तिथूनच आलेलं. तिथे काय पिकतं, हा त्यांचा पुढचा प्रश्न. भात आणि ऊस.

संपलं! अण्णा बाकावरून उठून खाली येऊन बसले. पुढचा अर्धा तास माझा फोन त्या दोघांचा होता. किती शेत, पाणी कुठून, कारखाना किती लांब, टनाला काय देतात. थायलंड जगातल्या मोठ्या साखर निर्यातदारांपैकी आहे, आणि साखरेच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा शेतकऱ्याचा, ३० टक्के कारखान्याचा, अशी त्यांच्याकडे व्यवस्था आहे. १९८४ चा ऊस आणि साखर कायदा त्यासाठीच आहे. आपला जिल्हा म्हणजे सहकारी साखर कारखान्यांचं माहेर; लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी १९५० च्या सुमारास सुरुवात केली, तेव्हापासून भावाचं भांडण आपल्याला पाठ आहे. बाईंनी भावाला फोन लावून आकडा विचारला. अण्णांनी गुणाकार केला, मान हलवली. "आपल्यावाणीच रडगाणं हाय."

मग आईने डोळे न उघडता विचारलं, "तिला इचार, लेकरं कुठंयत?"

मुलगा गावाकडे वाढला, आजीकडे. बाई तो लहान असतानाच बँकॉकला आल्या. ईसानची अर्धी दुनिया अशीच आलेली आहे. टॅक्सी चालवतात, बांधकामावर असतात, हॉटेलात, मसाजला. वर्षातून एकदा गावी जायचं, सोंगक्रानला. सोंगक्रान म्हणजे संक्रांत. आपली मकर, त्यांची मेष, एप्रिलमधली. आता मुलगा मोठा झालाय, कारखान्यात कामाला आहे. बाई हे सगळं हात न थांबवता सांगत होत्या.

आमच्याकडे दसरा-दिवाळीनंतर पाथर्डीकडची, बीडकडची ऊसतोड कुटुंबं येतात. कोयते, बैलगाडी, आणि मागे गावात आजी-आजोबांकडे ठेवलेली शाळेची पोरं. आमच्याच उसात ती माणसं दर हंगामात येतात. आईला त्यामुळे पुढचं भाषांतर लागलं नाही. ती उठून बसली आणि तिने बाईंचे हात हातात घेतले. अंगठ्याचे सांधे सुजून गाठी आल्या होत्या. "हिचे बी बोटं दुखत असत्याल," आई मला म्हणाली. "हिला कोण दाबून देतं?" हे मी अ‍ॅपवर टाकलं नाही. पण आई स्वतःच त्यांचा अंगठा चोळायला लागली होती. बाई आधी संकोचल्या, मग शेजारणीला काहीतरी म्हणाल्या आणि दोघी हसल्या.

आईने पिशवीतून दोन दुमडलेली कमळं काढून त्यांना दिली. उरलेली दोन तिने आधीच बुद्धापुढे ठेवली होती.

बाहेर गाडीवर उसाचा रस मिळाला, बाटलीत, बर्फात ठेवलेला. अण्णांनी अर्धी बाटली एका दमात संपवली आणि म्हणाले, "आलं-लिंबू टाकत नाय हे लोक." मग बराच वेळ गप्प. बोट यायची होती. धक्क्यावर उभ्या उभ्या त्यांनी एवढंच म्हटलं, "आपल्याकडं उगं हसत्यात लोकं."

दुपारी झोप. चेकआउटला चार तास जास्त घेतले, त्याचे वेगळे पैसे पडले, आणि पूर्ण प्रवासात मी याहून चांगले पैसे कुठेच खर्च केले नाहीत. संध्याकाळी सहाला निघताना सफान ताकसिन स्टेशनखाली होतो. एकदम स्पीकरवर धून लागली आणि सगळी गर्दी जिथल्या तिथे उभी राहिली. जिन्यावर, फाटकात, फोन हातात धरून. रोज सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला सार्वजनिक ठिकाणी त्यांचं राष्ट्रगीत वाजतं. अण्णा सावधानमध्ये उभे राहिले, टोपी नीट करून.

विमानतळावर पासपोर्ट तपासणीच्या पलीकडे समुद्रमंथनाचं प्रचंड शिल्प आहे. वासुकीची दोरी, एका बाजूला देव, एका बाजूला असुर, मधे पर्वत आणि त्यावर विष्णू. येताना ते लागत नाही, जातानाच दिसतं, त्यामुळे गेटकडे धावायच्या आधी दहा मिनिटं हातात ठेवा. अण्णा एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत मोजत गेले, किती देव आणि किती असुर. आई खुर्चीवर बसून बघत होती. तिने बूट काढले होते आणि पायाची बोटं हलवून बघत होती.

मेलबर्नच्या विमानात ती पट्टा लावल्या लावल्या झोपली. जेवणाला मी उठवलं, खाल्लं, परत झोपली. अण्णा खिडकीतून खाली बघत होते, अंधारात काही दिसत नसताना.

चला मंडळी, एवढंच. बोटीच्या धक्क्यांची नावं आणि आईला चाललेल्या जेवणाच्या जागा खाली लिहून ठेवतोय. भेटू पुढच्या भागात.